आडव्या पानावरची माय

लातुरात मी एका क्लासच्या नोट्ससाठी आकृत्या काढतो. हृदयाचे कप्पे, फुलाचा छेद, बेडकाची पचनसंस्था. माय गेल्यावर मी स्वतःची एक चित्रकथा सुरू केली. संध्याकाळी खोलीवर येऊन लॅपटॉपवर काढायची आणि रविवारी इंटरनेटवर टाकायची. आडवं पान, वर तीन चौकटी, खाली तीन. प्रत्येक चौकटीत माय बोलत असायची, कारण घरात ती सतत बोलायची. तांदूळ निवडताना, भांडी घासताना, कुणी ऐकत नसलं तरी.

कुणी वाचत असेल असं वाटत नव्हतं. हिमायतनगरला बाबा एकटे राहतात, तेही कधी त्याबद्दल बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

सुट्टीत घरी गेलो तर बाबा मोबाईल नाकाजवळ धरून माझ्या चित्रकथेचं पान दोन बोटांनी मोठं करत होते. मायचा चेहरा मोठा झाला की तिचं बोलणं बाहेर जायचं. बोलणं आत ओढलं की चेहरा जायचा.

“दर वेळी असंच बघता?”

“मंग? तुझी माय बोलून राहिली, एवढं दिसतंय. काय बोलतीय ते कळत न्हाई.”

“मला सांगायचं ना, बाबा.”

“तू लई मेहनतीनं काढतूस. कसं सांगू?”

परत आल्यावर मी पानं कापली. मोबाईलच्या रुंदीची एकेक चौकट, एकीखाली एक. अक्षरं मोठी केली तर मायची वाक्यं मावेनात. काही पुसली. मग ती जिवंत असताना मी तिला “जरा गप बस” म्हणायचो ते आठवलं, आणि पुसलेली सगळी परत लिहिली. प्रत्येक वाक्याला वेगळी चौकट दिली. तीन आठवडे गेले त्यात.

रविवारी बाबांचा फोन आला.

“समदं वाचलं. लेकराच्या खोलीवर चार दिवस राहून येऊ, असं म्हणतीय ती. खरंच म्हणली व्हती का तू बनवलंस?”

“खरंच म्हणाली होती. तुम्ही पेपर वाचत होता.”

“मला ऐकूच आलं न्हाई.”

“मला आलं होतं, बाबा. मी काही बोललो नाही.”

“हाव,” ते म्हणाले. मग मायचं ते वाक्य त्यांनी स्वतःच पुन्हा एकदा म्हटलं, “लेकराच्या खोलीवर चार दिवस राहून येऊ.”