अकरा डोंग्यांचं रोगण

मी रुख्मा. आमचे हे, म्हणजे टिकाराम पटले. तोंडानं नाव घेत नाही, पण लिहायला काय हरकत? गोंदियाजवळच्या गोरेगावच्या धानाच्या बांध्यांतून उठून हे नागपूरच्या कॉलेजात गेले आणि प्रयोगशाळेत लाखेच्या मागे लागले. पळसाच्या फांदीवर किडे करतात ती लाख. तिच्यात ह्यांना काय काय दिसायचं, देव जाणे! जेवताना घास हातातच राहायचा.

"अवो, भात थंडा होऊन राहिला," मी म्हणायची.

"अवं, पाण्यात पांढरी न पडणारी लाख पाह्यलीस का कधी?" हे विचारायचे. घ्या आता!

चार वर्षांनी जमलं एकदाचं. लाखेत बिब्ब्याचं तेल शिजवून असं रोगण झालं, की लावलेलं लाकूड पाण्यात फुगेना. बिब्ब्यानं ह्यांचे हात मात्र पार सोलून निघाले. पुढची दोन वर्षं ते पारखण्यात गेली, मग १९३८ साल उजाडलं. कलकत्त्याच्या एका कंपनीनं कळवलं, पेटंट मिळालं तर रोगण आम्ही काढू आणि तुम्हाला स्वतंत्र प्रयोगशाळा बांधून देऊ. नाही मिळालं तर कॉलेजातली मुदत दिवाळीलाच संपत होती. मग परत बांधावर.

मी तर त्या प्रयोगशाळेत मनातल्या मनात राहायलाच गेले. उगवतीला खिडकी, फळीवर बाटल्या, उन्हात लाखेचा तांबडा उजेड भिंतीवर हलतो आहे आणि हे मान खाली घालून काम करताहेत. भाकरी थापता थापता मी तिथं फिरून यायची.

पण अर्जात एक प्रश्न निघाला. याआधी ही वस्तू कुणी उघडपणे वापरली आहे का? वापरली असेल तर हक्क मिळत नाही.

"कवडूचा डोंगा," हे हळूच म्हणाले.

कवडू ढिवर ह्यांचा लहानपणचा सोबती, गावच्या तलावातले शिंगाडे काढणारा. रोगण पाण्यात टिकतं का पाहायला दोन वर्षांआधी हे त्याचा डोंगा, म्हणजे लाकडाची लहान होडी, रंगवून आले होते. वर कृतीही सांगून आले होते.

"काऊन सांगतली?" मी भडकले.

"इचारलं त्यानं."

असा भोळा सांब! मग मीच उपाय काढला. "एकच त डोंगा हाय. कवडूले म्हनू, मोडून टाक, नवा देतो. अन् कागदावर 'नाही' लिवा." ह्यांना ते पटलं नाही, पण माझ्यामागे आले.

रात्रीच्या आगगाडीनं गोंदिया आणि पुढं छकड्यानं गावच्या तलावावर पोचलो तेव्हा धुकं पाण्यावरच झोपलं होतं. कुठं आवाज नाही. मग धुक्यातून एक डोंगा सरकत आला, पिकल्या जांभळासारखा चकचकीत. त्याच्यामागे दुसरा. तिसरा. शिंगाड्याच्या वेलांतून ते सावकाश येतच राहिले. मी मोजले, अकरा! मला वाटलं, गाडीत डोळा लागला तो अजून उघडलाच नाही.

कवडूनं काठावर उडी मारली. "भाऊ! वयनी! पाह्यले का? साऱ्यायचे रंगवले. पल्याडच्या तलाववाल्यायनंबी कृती नेली. पन मी शपथ घेतल्याबिगर देत नाही. टिकारामभाऊनं काढलं, असं सांगाचं. नाव लपवल त्याले पाप!" मग हसून म्हणाला, "तुमी कायले आलते?"

हे माझ्याकडे पाहत राहिले. बोलायचं मीच ठरवलं होतं, शब्द ओठावर तयार होते. तेवढ्यात त्याच्या बायकोनं, देवकाबाईनं, माझ्या पदरात ओंजळभर शिंगाडे टाकले. तिचेही तळवे बिब्ब्यानं सोललेले होते.

"शिंगाडे न्यायले आलो," मी म्हटलं.

परतताना छकड्यात मी ढसाढसा रडले. माझी खिडकी गेली, बाटल्या गेल्या. मला फार फार वाईट वाटलं. गोंदियाचं स्टेशन दिसू लागलं तेव्हा हे म्हणाले, "अवं, कागदावर काय लिवू?"

"आता मले कायले इचारता?" मी ओरडले. "अकरा लिवा! अन् कवडूचं नाव पह्यलं लिवा."