मोज्यातलं बोट

मिसिसिपीतल्या त्या गावात इंटरनेटची तार गोऱ्यांच्या वस्तीपर्यंत येऊन थांबली होती. रेल्वे रुळांअलीकडच्या काळ्यांच्या वस्तीतली व्हर्लीन टॉलिव्हर डॉक्टरांना पडद्यावर भेटायला वाचनालयाच्या आवारात, तिथलं वायफाय पकडत, गाडी लावून बसायची. टेलिफोन कंपनीत तिने तीस वर्षं संगणकावर तक्रारी नोंदवल्या होत्या.

रविवारी चर्चमध्ये कुठल्याशा संस्थेचे हॅल्डेनसाहेब चाळीस टॅब्लेट घेऊन उगवले. वस्तीला तार द्यायची की नुसते शिकवणीचे वर्ग, हे तेच ठरवणार होते. दारावर लोकांचं स्वागत करून त्यांना जागेवर बसवायच्या सेवेत असलेल्या व्हर्लीनने पांढरे सुती हातमोजे घातले होते. पास्टरांचा शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत ते काढायचे नसतात.

साहेबांनी फोटोसाठी तिच्या हाती टॅब्लेट दिला. तिने मोज्यातलंच बोट टेकवलं, पडदा ढिम्म.

"घाबरू नका, आजी, चावत नाही तो!" साहेब सगळ्यांकडे वळले. "बघितलंत? तार नंतर. आधी शिकवणी हवी."

"आजी?" बाकावरून तिची मैत्रीण ओडेसा कुजबुजली. "हा नातू कधी झाला गं तुला?"

चपलेला लागलेल्या घाणीकडे पाहावं तसं व्हर्लीनने साहेबांकडे पाहिलं आणि आशीर्वाद व्हायच्या आधीच मोजा उतरवला. पास्टरांचे डोळे विस्फारले. चार ठिकाणी बोट टेकवून तिने पडदा कॅमेऱ्यापुढे धरला. 'नेटवर्क नाही.'

"शिकवणी झाली, साहेब. आता तार कुठल्या बटणाने येते, तेवढं दाखवा."

आणि तो शहाणा खरंच वाकून बटण शोधायला लागला.