कैसरचा ग्रामसेवक

"सर, हा वर्ग नाही, शिकवणी आहे," प्राचार्य म्हणाले. "यंदा निकाल शून्य लागला तर इतिहास स्पेशल बंद."

स्पेशल म्हणजे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला विद्यार्थी जो मुख्य विषय घेतो तो. घोडेगावच्या आमच्या कॉलेजात तो घेणारी एकच व्यक्ती होती, आणि शिकवणाराही मी एकटाच. त्यामुळे माझा निकाल एकतर शंभर टक्के, नाहीतर शून्य. मधलं काही नशिबात नव्हतं.

एके काळी माझा आवाज असा होता, की मी नऊ नंबरच्या खोलीत फ्रेंच राज्यक्रांती सुरू केली की स्टँडवरचा कंट्रोलर गाड्या थांबवायचा. आता चाळीस रिकाम्या बाकांवरून तोच आवाज माझ्याकडे परत यायचा. स्टाफरूममध्ये चहाला हाक यायची, पण जर्मनीच्या कैसरबद्दल बोलायला माणूस नव्हता.

एकेचाळिसाव्या बाकावर सुमनताई. डिंभ्याकडच्या एका वाडीच्या, महिला राखीव जागेवरून ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या. वयाने माझ्याहून मोठ्या. एसटी येईल तेव्हा त्यांचा तास.

त्या दिवशी मी फळ्यावर तीन खाने आखले. हुकूमशाही, निरंकुश राजेशाही, संसदीय लोकशाही. प्रश्न हमखास येणारा: जर्मन साम्राज्याची शासनपद्धती कोणत्या प्रकारात मोडते? अकरा वर्षं मी एकच उत्तर डिक्टेट करत होतो. मधला खाना.

ताईंनी पेन खाली ठेवलं. "सर, ते राईशस्टाग म्हंजे निवडून आलेलं सभागृहच ना?"

"हो. मत फक्त पुरुषांना."

"म्हंजे आमी तेवढ्या पुढं हाये. बरं, चॅन्सेलर, म्हंजे त्यांचा पंतप्रधान, नेमायचा कोण?"

"कैसर. म्हणजे बादशहा."

"सभागृहाला त्यो नकोसा झाला तर?"

"कुरकुर करायची."

"आन बजेट?"

"ते मात्र सभागृहाच्या मंजुरीशिवाय हलत नव्हतं."

ताई हसल्या. "मग ह्यो आमचा ग्रामसेवकच की हो! नेमनार वरून, बदली वरून. आमी खर्चाला मंजुरी दिली न्हाई तर त्याचं काम अडतंय, पन त्याला घालवायचं आमच्या हातात न्हाई. ह्याला निरंकुश कसं म्हनायचं? आन लोकशाही तरी कसं?"

जाडजूड पुस्तकांत हे मी तरुणपणी वाचलं होतं. घटनेने बांधलेली राजेशाही, पण संसदीय नव्हे. कायदा आणि पैसा यांत संसदेचा हात, पण सरकार टिकणार कैसरच्या मर्जीवर. पुन्हा अनेक राज्यांचा संघ, त्यात प्रशिया सगळ्यांना पुरून उरणारा. परीक्षेला सोपं जावं म्हणून मीच ते छाटून एका खान्यात कोंबलं होतं.

"ताई, तुमचं बरोबर आहे," मी म्हणालो. "पण पेपरात निरंकुशच लिहा. तपासणाऱ्याच्या हातात गाईड असतं."

"खरं काय ते माहीत असून?"

"माझा विषय टिकायला हवा."

"मग सर, तुमीबी चॅन्सेलरच," त्या म्हणाल्या आणि एसटी पकडायला उठल्या.

परीक्षा झाली. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "आमचंच लिवलं. ग्रामसेवकाचं नाव तेवढं घातलं न्हाई." निकालापर्यंत माझं वजन इतकं उतरलं, की वारा सुटला की मी खिशात डस्टर घालून चालायचो.

ताई पास झाल्या. आणि त्यांना सगळ्यांत जास्त मार्क याच पेपरात.

पेढे घेऊन मी प्राचार्यांकडे गेलो. "सर, शंभर टक्के!"

त्यांनी पेढा खाल्ला. "अभिनंदन. पुढच्या वर्षी किती जण?"

ताई नापास झाल्या असत्या तर विषय बंद. पास झाल्या तर वर्ग रिकामा. हे मला पेपराआधीही कळत होतं. बोलणार कोणाशी?

स्पेशल बंद झाला. मला जिमखाना आणि पहिल्या वर्षाचे तास मिळाले. पुढे ताईंचा निरोप आला: ग्रामसेवक बदलला, वरूनच, नवाही वरूनच आलाय.

कुठलीही राजवट ओळखायची असेल तर खाने आखू नका. घालवणारा कोण, एवढंच विचारा. डिंभ्याची गाडी यायच्या वेळेला मी अजून नऊ नंबरमध्ये जाऊन बसतो. तिथून मला अजून कोणी घालवलेलं नाही. मी तिथे असतो, हेच कोणाला माहीत नाही.