न मागितलेलं निळं

सरांचा हात कानापर्यंत गेला की आम्ही सगळे खाली बसायचो. पुढच्या क्षणी डोक्यावरून बीकर जायचा आणि समोरच्या भिंतीवर फुटायचा. मग सर शांतपणे म्हणायचे, “हं, आता बोला.”

पुण्यातल्या त्या कॉलेजात, रसायनशास्त्र विभागात मी लॅब असिस्टंट. काचा गोळा करायचं काम माझं, त्यामुळे सरांचा राग मला वजनानिशी ठाऊक. त्यांनी स्टुलं मोडली, प्रबंधाची प्रकरणं टराटरा फाडली. एकदा खिडकीवर मूठ मारली आणि मी पट्टी बांधत असताना मलाच विचारलं, “अहो, इतकी पातळ काच कोण बसवतं?”

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. पण त्याच्यासमोर उभी ठाकलेली वैशाली पाहिली नसेल. यवतमाळची मुलगी. सरांच्याच हाताखाली पीएचडी, मुदत संपायला चार महिने. तांब्याचं एक हिरवं संयुग तिला हवं होतं आणि दोन वर्षं नुसता चिखल मिळत होता. शेवटचं द्रावण तिने हवा लागू नये म्हणून बीकरमध्ये, जाड काचेच्या झाकणाखाली ठेवलं. त्याच दुपारी कुणीतरी सरांना म्हणालं, “रिलॅक्स, सर.” सरांच्या हाताला जे लागलं ते भिंतीवर गेलं. ते वैशालीचं झाकण होतं. ती रडत निघून गेली. द्रावण उघडंच राहिलं.

दहा दिवसांनी सरांनी तो बीकर उचलला.

“निळं? मी निळं मागितलं होतं?”

हात कानापर्यंत गेला. आम्ही बसलो. वैशाली बसली नाही. तिने दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. सरांनी हिसडा दिला. तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं, रक्त भळभळलं. पण मनगट सुटलं नाही.

“फेकू नका जी! खडे हायेत आत!”

सरांनी पाहिलं. साखरेच्या दाण्याएवढे, लख्ख निळे स्फटिक. त्यांनी बीकर खाली ठेवला, इतका हळू की मला आवाजच आला नाही. मग खिशातला रुमाल काढून तिच्या कपाळावर दाबून धरला.

क्ष-किरणांनी आतली रचना उलगडली. तांब्याचे दोन अणू आणि दोघांना धरून मधे बसलेला, कुणीच न घातलेला कार्बोनेट. असं संयुग कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. कार्बोनेट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आला होता.

“हवा आत सोडली कोणी?” सर गरजले.

“तुम्हीच, सर. झाकण फोडलंत ना?” वैशाली म्हणाली.

सर भिंतीकडे वळले. “लिहा तसं. झाकण नव्हतं. कुणी कारण विचारलं तर माझ्याकडे पाठवा.”

त्याच निळ्यावर तिचा प्रबंध पूर्ण झाला. सर गेल्या वर्षी गेले. वैशाली आता वाघोलीच्या कॉलेजात शिकवते. परवा आली होती, कपाळावर व्रण घेऊन. भिंतीला नवा रंग दिलाय. सरांसारखा फेकून बघायला म्हणून मी तडा गेलेला एक बीकर मुद्दाम तिच्या हातात दिला. तिचा हात कानापर्यंत गेला.

मी सवयीने खाली बसलो. बराच वेळ काहीच फुटलं नाही. मान वर केली, तर बीकर टेबलावर होता. आवाज आलाच नव्हता.