खोबरमधला बेसबॉलचा तास

शाळेत शिकवणाऱ्या बाईकडे किस्से साठवावे लागत नाहीत, ते साठतातच. डस्टर झटकलं की खडूची पूड उडावी, तसे ते उडतात. मी सांगलीची. सौदीतल्या अल-खोबरच्या एका भारतीय शाळेत, मुलींच्या विभागात समाजशास्त्र शिकवते. प्रिन्सिपल मॅडमनी एक दिवस बोलावून सांगितलं, "जवळच्या परदेशी लोकांच्या कंपाउंडमधल्या अमेरिकन मुली आपल्याशी बेसबॉल खेळायला तयार आहेत. टीम तुम्ही बघा. आणि खेळाचा इतिहासही शिकवा!" मला बेसबॉलमधला 'ब'ही येत नव्हता. महिनाभर वाचून काढलं आणि उभी राहिले.

पहिल्याच तासाला मी ऐटीत सांगितलं, "बेसबॉलच्या अजिंक्यपदाच्या मालिकेला म्हणतात वर्ल्ड सिरीज."

"मॅम, कोणकोणते देश असतात?"

"अमेरिका. आणि कॅनडातली एक टीम."

मागच्या बाकावरून आवाज आला, "बाकीचं वर्ल्ड ॲब्सेंट होतं का?"

---

सरावाला जाताना एकदा चेकपोस्टवर आमची बस थांबवली. पोलीस आत आला, बॅटांची बॅग उघडली, एक बॅट उपसून खाली उतरला. "हे काय?" माझा इकामा, इथे राहायचा परवाना, घरी, दुसऱ्या पर्समध्ये! ड्रायव्हर सलीमभाई पुटपुटले, "मॅडम, चुप बैठिए, बस चुप."

पोलिसाने बॅट तोलली. मग सोबत्याला खूण केली. त्याने आमच्याच बॅगेतला बॉल टाकला. पोलिसाने जोरात बॅट फिरवली, ती हुकली आणि बॉल पार मागे!

"स्ट्राइक वन!" बसमधून कुणीतरी ओरडलं.

मी डोळेच मिटले. पोलीस सावकाश खिडकीपाशी आला. "वन? किती मिळतात?"

"थ्री, मग आउट," मी कशीबशी म्हणाले.

उरलेल्या दोन्ही त्याने घेतल्या. दोन्ही हुकल्या. बॅट परत देत म्हणाला, "यल्ला! निघा!" इकामा विचारायचं राहूनच गेलं!

---

एका वर्षी त्या वर्ल्ड सिरीजचा सामना सुरू होण्याच्या बेतात असताना भूकंप झाला, स्टेडियम हललं. तो प्रसंग मी रंगवून सांगत होते. "आणि अचानक जमीन..." म्हणायला आणि डोक्यावरून लढाऊ विमान जायला एकच गाठ पडली. खिडक्या थडथडल्या. हल्ली इथे असा आवाज आला की आधी आडोसा गाठायचा. सगळ्या मुली बाकांखाली. मीही टेबलाखाली!

विमान गेलं. दारात प्रिन्सिपल मॅडम. रिकाम्या वर्गाकडे बघत म्हणाल्या, "काय चाललंय इथे?"

टेबलाखालून मी म्हणाले, "इतिहास, मॅडम!"

---

आमच्या टीममधल्या ईशाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सरावात साधा सरपटत आलेला बॉल तिच्या दोन पायांमधून निघून गेला आणि मुलींनी तिचं नाव 'बोगदा' ठेवलं. दोन दिवस ती डबा उघडेना. तिसऱ्या दिवशी मी ठरवून एका खेळाडूची गोष्ट काढली. वर्ल्ड सिरीजमधल्या ऐन मोक्याच्या क्षणी त्याच्याही पायांमधून बॉल गेला होता आणि लोकांनी वर्षानुवर्षं त्याला माफ केलं नाही.

ईशाचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, झालं, मी पोरीला अजूनच खाली ढकललं.

"मॅम, तो पुढची मॅच खेळला?"

"लगेचची. आणि चांगली बॅटिंग केली."

ईशाने वर्गावरून नजर फिरवली. "ऐकलंत ना? बोगदा खेळणार!"

---

आणि मग ती मॅच. आमची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, झोया. रत्नागिरीकडची, वडिलांचं इथे कापडाचं दुकान. अबोल, पण हात असा की बॉल दिसायचाच नाही. झोया इकाम्याच्या कामासाठी गैरहजर होती त्या दिवशी मी वर्गाला बेसबॉलमधली एक जुनी रीत सांगितली होती. पिचर समोरच्या टीममधल्या एकीलाही बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावरही, पोचू देत नसेल, तर तिच्या टीममधलं कुणीही तिच्याशी बोलत नाही. बोललं की नजर लागते!

मॅच अर्ध्यावर आली आणि अमेरिकन मुलींपैकी एकही बेसवर पोचली नव्हती. झोया बेंचवर येऊन बसली. मुली सरकल्या. तिने पाणी मागितलं. बाटली आली, शब्द नाही. ईशाने तर तोंड फिरवलं.

झोया माझ्याकडे आली. "मॅम, माझं काय चुकलं?"

सांगावं तर रीत मोडते. सगळ्या मुली माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. मी माझ्या चपलांकडे बघत राहिले!

बाहीने डोळे पुसत ती मैदानात गेली. बॉल आता आणखी जोरात येऊ लागले. शेवटची बॅटर. एक स्ट्राइक. दोन. कुंपणापलीकडे तिचे अब्बा जाळी घट्ट धरून उभे. झोयाने ओठ दाबले आणि हात फिरवला.

तिसरी!

मुली किंचाळत धावल्या, तिला खांद्यावर उचललं, सगळ्या एकदम बोलायला लागल्या. आणि त्या खांद्यांवरून हुंदके देत झोया कुंपणाकडे बघून ओरडली, "अब्बा, मला ही टीम सोडायची आहे!"