भात पोटरीत आणि मी केनियात

भात पोटरीत आलेलं, म्हणजे लोंबी अजून ताटाच्या पोटात असताना घर सोडून कुणी फिरायला जात नाही. मी गेले, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही. पण तुमच्यातल्या कुणाला आफ्रिकेत जनावरं बघायला जायचं असेल, म्हणून सगळं सांगते. टाईप करते ती भोरला कॉलेजात असलेली लेकीची लेक. शुद्धलेखन तिचं, बाकी माझं.

माझा मुलगा सुरेश नैरोबीत नोकरीला आहे. वेल्ह्याच्या वर, डोंगराच्या पोटाशी आमची भाताची खाचरं. पानशेतकडचे बंगले सरकत सरकत आता आमच्या बांधाला टेकलेत आणि ह्या खाचरांनाही गिऱ्हाईक आलंय. सुरेशला विकायचंय, सही माझी लागते. त्याचं एकच पालुपद, रानडुकरं सगळं खातात, तू उगीच राबतेस. शेवटी त्यानं तिकीट पाठवलं आणि पैज लावली. पंधरा दिवस ये. परत जाशील तेव्हा डुकरांनी भात ठेवलं असेल तर मी विषय काढणार नाही, नसेल तर सही कर. मी म्हटलं, चालेल. माझा माझ्या लुगड्यांवर भरवसा.

लुगड्यांचं सांगते. खाचराभोवती काठ्या रोवायच्या आणि जुनी लुगडी बांधायची. वाऱ्यानं हलतात, माणसाचा वास असतो, डुक्कर बिचकतं. फक्त दर दोन दिवसांनी जागा बदलायची, नाहीतर ते जनावर लई हुशार, ओळखतं. भावकीतल्या किसनला हे तीनदा बजावलं आणि निघाले.

वेल्ह्यातून नसरापूरला वडाप जीप, गुडघे हनुवटीला लावून. तिथून एसटीनं स्वारगेट, पुढं मुंबईची बस. पिवळ्या तापाची सुई किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं पुस्तक जपा, परत येताना तेच मागतात. सुरेशनं मला घालायला जांभळी रेशमी साडी पाठवली होती. नऊवारीत आईला विमानातून उतरताना बघून त्याचे साहेब काय म्हणतील, ही काळजी. जाताना-येताना तीच नेसले.

नैरोबीला शहराच्या कडेलाच रान आहे. मागं उंच इमारती, पुढं जिराफ. परदेशी माणसाला तिकीट तिथल्या माणसाच्या कितीतरी पट, आणि गाडीतून उतरायचं नाही. जोसेफ नावाचा गाडीवाला होता, सुरेश त्याचं बोलणं मला मराठीत सांगायचा. तिथं मी चामखिळीचं डुक्कर म्हणतात ते पाहिलं. गालावर मुठीएवढ्या गाठी, वर वळलेले सुळे, पळताना शेपूट काठीसारखं ताठ आणि मागं पिल्लांची रांग. थांबलं की पुढचे गुडघे टेकतं आणि गवत खातं. दिवसाढवळ्या, गवत. मला त्या डुकराचाच राग आला. तुला जमतं ते आमच्याकडच्या तुझ्या भावकीला का जमत नाही?

तिसऱ्या दिवशी मोंबासाच्या रस्त्यानं त्सावोला गेलो. रस्ताभर ट्रक, आमच्या साताऱ्याच्या हायवेसारखे. वाटेत उगाली खाल्ली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत पाल्याची भाजी. पोट भरतं, मिरची मात्र आपली न्या. त्सावोची माती लाल, झाडं काटेरी. जोसेफ म्हणाला, ह्या डुकराच्या दोन जाती. साधी जात जिथं मोकळं गवताळ रान आहे तिथं, पश्चिमेच्या समुद्रापासून पार दक्षिणेपर्यंत. दुसरी कोरड्या मुलखातली, सोमालिया, इथिओपिया आणि केनियाची उत्तर आणि हा पूर्वेकडचा भाग. तिच्या कानांची टोकं मागं मुडपलेली. घनदाट जंगलात दोन्ही नाहीत. बीळ शक्यतो दुसऱ्याचं सोडलेलं वापरतात. आमच्यासमोर एक शिरलं, पिल्लं आधी आत, मग मोठं पाठमोरं, सुळे दाराकडं.

मी विचारलं, गवत बंद केलं तर कुठं जातील?

जोसेफ हसला. सुरेशनं सांगितलं, "तो म्हणतो, मग शेतात. जातील कुठं?"

"इचार त्याला, रान अडवून बंगलं बांधत्यात का हितं?"

हे सुरेशनं विचारलं नाही. मग जोसेफच आपल्या गावाचं सांगू लागला. तिथं वेगळं झुडपातलं डुक्कर मका खातं, ते लोक तारेला रिकामे डबे बांधतात. मी त्याला लुगड्यांचं शिकवलं, पदर कसा मोकळा सोडायचा ते हातवारे करून. गडी खुश झाला. जागा बदलायची हे सुरेशला दोनदा सांगायला लावलं. सांगताना तो खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, आईची लाज वाटली.

पंधराव्या दिवशी घरी आले आणि पिशवी न ठेवता खाचरावर गेले. काठ्या उभ्या, लुगडं एक नाही. खालची दोन खाचरं लोळवलेली, चिखलात नुसता भुसा. वरची दोन तेवढी शाबूत. लुगडी किसनच्या ओसरीवर होती, घड्या घालून.

"सुरेशदादाचा फोन आलता, काकी. तुमी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी. गिऱ्हाईक फोटो काढाया येनार, चिंध्या उतरव म्हनला. मला वाटलं तुमास्नी ठावं हाय."

म्हणजे मला गाडीत बसवून डुकरं दाखवत होता तेव्हा इकडची त्यानंच सोडली होती. डुकराचा काय दोष, त्याची वाट बंगल्यांनी अडवली आणि माझं दार माझ्या पोरानं उघडलं.

फोन लावला. तो फोटोंचं सांगू लागला, मग अर्धं तर गेलंच ना म्हणाला.

"अर्धं ऱ्हायलं," मी म्हटलं. "पैज लुगड्यांची हुती, तुझी न्हवं. परत कागद दावलास तर उंबऱ्याच्या आत येऊ नगंस."

तर जायचं असेल तर जा, देश चांगला आहे, माणसं बरी आहेत. पण भात घरात आल्यावर जा.

त्याच दिवशी सगळी लुगडी परत बांधली. डुकरं जिथून शिरली त्या कोपऱ्यात एक कमी पडत होतं, तिथं जांभळी रेशमी बांधली. किसन म्हणाला, काकी, एवढी भारी साडी. मी म्हटलं, माझ्या अंगाचा वास त्या एकाच साडीला ताजा आहे. बंगल्यांवरून लांबून दिसते. दर दोन दिवसांनी तिची जागा मीच बदलते.