चिकटवलेली अकरा यंत्रं

कुनुगीसान चिडल्या की आवाज चढवत नाहीत. आवाज खाली जातो, आणि समोरच्याला कान पुढे करून स्वतःचीच खरडपट्टी ऐकावी लागते. जपानमधल्या कामिसावा गावच्या मोजणी कचेरीत मी एकोणीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, म्हणून सांगतो.

आम्ही पुरुष दिवसभर डोंगरात जमिनी मोजायचो आणि संध्याकाळी आकड्यांची वही त्यांच्या टेबलावर टाकायचो. १९८२ साली साहेबांनी एक पोकेकोन आणला. चष्म्याच्या डबीएवढा, खिशात मावणारा संगणक. एकाच ओळीचा पडदा. सोबत छोटा प्रिंटर. त्याच्या पोटात काडीएवढी चार पेनं, काळं, निळं, हिरवं, लाल. ती तळहाताएवढ्या कागदावर सरकत जमिनीचा नकाशा काढायची. साहेब माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावरच अडले. कुनुगीसाननी ते घरी नेलं, आणि तीन आठवड्यांत आमची सगळी आकडेमोड त्या यंत्राला शिकवली.

पुढे टेबलावरचे मोठे संगणक आले आणि ही यंत्रं भंगारात निघाली. कुनुगीसाननी ती मागून घेतली. मग जुन्या बाजारातून, बंद पडलेल्या तांत्रिक शाळांमधून आणखी जमवली. घरात तिसेक यंत्रं झाली आणि सगळी चालू. "कपाटात मांडायला बाहुल्या आहेत का त्या?" असं म्हणायच्या. या प्रिंटरांत पेनं सरकवणारं प्लास्टिकचं दातेरी चाक असतं, ते वीस वर्षांत नुसतं पडून राहूनही तडकतं. त्या ते काढून पितळेचं बसवायच्या. सुकलेली पेनं उघडून सुईनं शाई भरायच्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून हे चालायचं. मला चहा मिळायचा, हात लावायची परवानगी नाही.

गावच्या संग्रहालयाच्या समितीवर मी होतो. कामाच्या जुन्या साधनांचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा मीच त्यांच्या मागे लागलो.

"चार लोक बघतील, कुनुगीसान."

"बघतील की हात लावतील?"

"काचेच्या कपाटात ठेवणार आहेत."

अकरा पोकेकोन आणि चार प्रिंटर त्यांनी दिले. सोबत स्वतःच्या हातानं लिहिलेला पानभर कागद: आत सेल ठेवू नयेत, दिव्याची धग लागू देऊ नये, पेनांचं चक्र हातानं फिरवू नये. पाकीट मी संचालक योनेयामांच्या हातात दिलं.

पहिल्या दिवशी सगळं काचेआड होतं. त्यानंतर कुनुगीसान गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मात्सुमोतोला गेल्या. सात आठवडे. मी दर रविवारी इस्पितळात जायचो. संग्रहालयात एकदाही डोकावलो नाही.

परतल्यावर एका शनिवारी त्या काठी टेकत माझ्याबरोबर बघायला आल्या. काचेचं कपाट गेलं होतं. भिंतीला लांबलचक फळी, वर पाटी: 'हात लावा, अनुभव घ्या'. फळीवर त्यांची यंत्रं. त्यांनी एक उचलायला घेतलं, ते हलेना. वाकून बघितलं. डोक्यावरच प्रखर दिवे होते. तीन पडदे कडेपासून काळे पडले होते. सेलच्या झाकणांतून पांढरट हिरवं काहीतरी फुटून बाहेर आलं होतं. कुणीतरी कागद ओढला असणार, कारण एका प्रिंटरचं पेनांचं चक्र निखळून लोंबत होतं.

योनेयामा हसत आले. "पाय कसा आहे, कुनुगीसान? मुलांना फार आवडतंय बघा."

"कशानं चिकटवलंत?"

"दुहेरी चिकटपट्टीनं. एकदम भारी. भूकंप झाला तरी पडायची नाहीत."

"सेल घातलेत."

"बंद यंत्राला कोण हात लावणार? आणि तशी जुनीच आहेत ना, चाळीस वर्षांची."

"मी सत्तरची आहे," त्या म्हणाल्या. मलाही कान पुढे करावा लागला. "मलाही चिकटवा."

मग त्यांनी मला औषधाच्या दुकानात पिटाळलं. दात साफ करायचा दोरा, तीन डब्या, आणि स्पिरिट. स्टुलावर बसून त्यांनी यंत्रामागून दोरा घातला आणि करवतीसारखा ओढत चिकटपट्टी कापायला लागल्या. लोक जमले.

"प्रदर्शन चालू आहे हो," योनेयामा कुजबुजले. "संध्याकाळी करू या ना."

"लोकांना सांगा, हाही अनुभवच आहे."

अडीच तास लागले. एकेक यंत्र सुटलं की मी दोन्ही हातांत झेलत होतो.

चार दिवसांनी योनेयामा मिठाईचा खोका घेऊन घरी आले आणि उंबऱ्यापाशी कमरेत वाकून उभे राहिले. मी आतच होतो.

"माफी नको," कुनुगीसान म्हणाल्या. "पाटी लावा. ही यंत्रं बेचाळीस वर्षं चालली आणि इथे सात आठवड्यांत मेली, कारण सूचना कुणी वाचली नाही."

"तसं जाहीर लिहिणं... गावाच्या मानाचा प्रश्न आहे."

"खोक्यात काय आहे?"

"मोची. तांदळाचे मऊ गोळे."

"घेऊन जा. चिकट पदार्थ तुमच्याकडेच शोभतात."

ते गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "तू वाचला होतास तो कागद?"

"पाकिटात होता."

"पाकीट उघडं होतं. मुद्दाम ठेवलं होतं."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मग समितीवर कशाला बसतोस? चहा प्यायला?"

मी बूट घालून निघालो. रस्ताभर योनेयामांना शिव्या घातल्या, ते सोपं होतं. पुढच्या बैठकीत मी पाटीचा विषय काढला. मत द्यायची वेळ आली तेव्हा माझा एकट्याचा हात वर, सातजण विरुद्ध. मी राजीनामा दिला. कुनुगीसानना मात्र सांगायला गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

फेब्रुवारीत त्यांचाच फोन आला. "ये. दोन हात पुरत नाहीत."

हिवाळाभर त्यांनी व्हिनेगरनं घासून, जळालेल्या तारा बदलून सात पोकेकोन आणि दोन प्रिंटर उठवले होते. तीन पडदे काळे ते काळेच. ती काच आता कुणी बनवत नाही. चौथा पोकेकोन आतून पार खाल्ला गेला होता. मी विजेरी धरून उभा राहिलो. एकदा तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "नुसतं धर. बोलू नकोस."

मार्चमध्ये एका प्रिंटरवर त्यांनी पाटीचा मजकूर लाल पेनानं छापला, तारखेसकट, आणि रस्त्याकडच्या खिडकीत लावला. संग्रहालयाकडे जाणारा प्रत्येकजण तिथूनच जातो. आठवड्यात योनेयामांचा फोन आला.

"लोक विचारतात, कुनुगीसान. जरा काढाल का?"

"तुम्ही तुमच्याकडे लावा, मी इथली काढते."

उन्हानं लाल शाई दोनदा विटली. दोन्ही वेळा त्यांनी नवा कागद छापला. दुसऱ्या खेपेला मी शेजारीच होतो. म्हटलं, आता पुरे करू या का? त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "विजेरी डावीकडे घे," म्हणाल्या, आणि पुढचं चाक काढायला लागल्या.